बंपरची भोकं

विनीत रामाणेच्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या बंपरला, अगदी नाकासमोर, चार भोकं होती. गाडी धुतली की ती जास्त काळी दिसत आणि धुळीनं माखली की त्यांच्याभोवती लाल कडं धरे. तळेकोंडात इतरही पुष्कळ गोष्टींना भोकं होती, शाळेच्या छपराला होती, ओढ्यावरच्या साकवाला होती, पण त्यांच्यापायी विनीतचं जेवण अडत नव्हतं. या चारांनी मात्र त्याची झोप उडवली होती.

त्यातली दोन गाडीच्या कंपनीनंच पाडलेली, नंबरप्लेटसाठी. उरलेली दोन विनीतची स्वतःची. त्यांची हकिगत सांगायची तर मागच्या निवडणुकीपर्यंत जावं लागेल.

त्या निवडणुकीत सरपंच व्हायचं म्हणून विनीतनं कित्येक वर्षं तयारी केली होती. कोणाचं बारसं सोडलं नव्हतं, कोणाचं दहावं सोडलं नव्हतं. दोन जाकिटं शिवून घेतली होती. आणि ऐनवेळी आरक्षणाची सोडत निघाली आणि पद गेलं महिलेला. विनीत अंथरुणात तोंड खुपसून पडला. मग एका सकाळी उठला, चहा घेतला आणि बायकोला, दर्शनाला, म्हणाला, "तू उभी राहा. तुला काय करायचं नाय. सही तेवढी तुझी."

दर्शना उभी राहिली आणि बिनविरोध आली. निकाल दुपारी लागला आणि संध्याकाळी गाडीला पाटी लागली. लाल पाटी, वर पांढऱ्या अक्षरांत 'सरपंच'. विनीतनं ती आधीच करून आणून कपाटाच्या मागं ठेवली होती. पाटी नंबरप्लेटपेक्षा लांब होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं. मग नंबरप्लेट काढून खाली जाळीपाशी ढकलली, तिच्या जागेवर पाटी ठेवली आणि ती हलू नये म्हणून ड्रिलनं आणखी दोन भोकं पाडली. सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, ताट तयार केलं. दर्शनानं ओवाळलं. ओवाळलं ते गाडीला आणि गाडीत बसलेल्या नवऱ्याला. सरपंच झालेली बाईच हातात ताट घेऊन उभी आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर तिच्याही आलं नाही.

पहिलं वर्ष तिनं नुसत्या सह्या केल्या. पण दर्शना बारावीपर्यंत शिकलेली होती आणि जिथं सही करायची ते वाचायची तिला खोड लागली. वाचता वाचता तिला कळलं की वरच्यावाडीची नळयोजना कागदावर पूर्ण झालेली आहे. आणि वरच्यावाडीच्या बायका तर होळी उलटली की डोक्यावर हंडे घेऊन खालच्या पऱ्यावर उतरतात आणि त्या ओढ्याच्या वाळूत खड्डा काढून वाटीवाटीनं पाणी भरतात. हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं होतं. तिनं विचारायला सुरुवात केली. ग्रामसेवकाला विचारलं, मग रत्नागिरीला जाऊन साहेबाला विचारलं. साहेबानं उद्या या म्हटलं की ती उद्या जायची. एसटीनं जायची, कारण गाडीला काम असायचं. लग्नं असायची, उद्घाटनं असायची, हातखंब्याला उगीच जाऊन चहा पिऊन यायचा असायचा. सरपंचाची गाडी रिकामी कशी राहील? सरपंच एसटीच्या मागच्या सीटवर पदर नाकाला लावून बसलेली असायची आणि तिचं पद बंपरवर बसून गाव फिरायचं.

शेवटी वरच्यावाडीत पाणी आलं. वाडीतल्या चिमाच्या अंगणात पहिला नळ सुटला तेव्हा दर्शनाला रडू फुटलं. तिनं ते घामाबरोबर पुसलं. नारळ विनीतनं फोडला. पाहुणे त्यानं बोलावले होते, गाडीला हार घातला होता. त्या दिवसाच्या फोटोत दर्शना आहे. कडेला, नारळाचं पाणी पुसायचं फडकं घेऊन.

तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. फोटो काय, कोणीही कुठंही उभं राहतं, असं ती स्वतःला सांगायची. वरच्यावाडीच्या बायकांना माहीत आहे कोण खेटे घालत होतं, तेवढं बस्स. या एका समजुतीवर तिनं पुढची वर्षं काढली.

मग मुदत संपली. पंचायतीवर प्रशासक आला आणि पाटी उतरवावी लागली. तेव्हा खरी पंचाईत कळली. मधल्या काळात सगळ्या गाड्यांना सरकारी नव्या नंबरप्लेटा बसवून घ्यायच्या निघाल्या होत्या. त्या एकदा बसल्या की फोडल्याशिवाय निघत नाहीत. विनीतनं ती प्लेट खालीच बसवून घेतली होती, कारण वर पाटी होती आणि पाटी कधी उतरेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आता नंबर वर चढवता येईना आणि वरची जागा भरता येईना. चार भोकं उघडी पडली.

शेजारच्या वाडीचा हर्षद एसटीच्या थांब्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय विनीतदा, पद गेला, भोकां तेवढी ऱ्हायली!"

थांब्यावरची माणसं पोट धरून हसली. विनीतही हसला. घरी येऊन मात्र जेवला नाही.

त्यानंतर औषधपाणी सुरू झालं. आधी त्यानं रंगाऱ्याची लांबी आणून ती भोकांत भरली आणि वरून पांढरा रंग मारला. प्लॅस्टिकचा बंपर, कच्च्या रस्त्यावर थरथरणारा, आठवड्यात लांबीच्या खपल्या पडल्या. मग रबरी बुचं बसवली. ती गाडीला पुटकुळ्या आल्यासारखी दिसू लागली. मग गणपतीचं मोठं स्टिकर आणलं. यमुनाबाई कडाडल्या, "देवाला बंपराक लावतोस? उद्या कुत्रा आडवा येईल तो देवाच्या तोंडावर!" स्टिकर निघालं, पण अर्धं बंपरलाच राहिलं. ते खरवडायला पुन्हा दर्शनाच.

खरवडता खरवडता ती म्हणाली, "भोकं असली म्हणून काय होतं? गाडी चालते ना?"

"तुला काय कळणार," विनीत म्हणाला. "माणूस पद गेल्यावर बारीक होतो. लोकांना दिसता कामा नये."

पद तुमचं कधी होतं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं, कारण त्या दिवसांत तिला नवऱ्याशी भांडायचं नव्हतं. तिच्या मनात वेगळंच होतं. येत्या निवडणुकीत सरपंचपद खुलं झालं होतं, बाईही उभी राहू शकत होती आणि पुरुषही. आणि दर्शनाला उभं राहायचं होतं. या खेपेला आरक्षण म्हणून नव्हे आणि नवऱ्याची अडचण म्हणूनही नव्हे. स्वतःच्या नावावर. आयुष्यात तिनं एवढी एकच गोष्ट स्वतःसाठी मागायची ठरवली होती आणि ती नवऱ्याजवळ मागितलीही होती.

"तुम्हाला उभं राहायचं असेल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली होती. "मागनं नको."

"छे गं!" विनीतनं लगेच म्हटलं. "तू केलेलं काम गावासमोर आहे. गावकीत नाव तुझंच घालणार मी."

तू केलेलं काम. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे शब्द तिनं पहिल्यांदा ऐकले. बाईमाणूस असल्या शब्दांवर विरघळतं हे विनीतला पक्कं ठाऊक होतं. दर्शना विरघळली. त्या दिवशी तिनं त्याच्या आवडीची काजूच्या ओल्या गरांची उसळ केली.

तळेकोंडात सरपंच मतदानानं ठरत नाही, गावकीत ठरतो. शिमगा उलटला, पालखी घरोघर फिरून देवळात परतली की मानकरी आणि वाडीवाडीचे पुरुष सभामंडपात बसतात, देवाला गाऱ्हाणं घालतात आणि एक नाव पक्कं करतात. मग अर्ज एकाचाच जातो. त्या बैठकीला बायका बसत नाहीत. दर्शना पाच वर्षं सरपंच होती, पण त्या मंडपात ती कधी बसली नाही. तिचं म्हणणं तिथं नवरा मांडायचा. म्हणून तर त्याचा शब्द हवा होता.

गावकीच्या आदल्या दिवशी विनीत तिला घेऊन हातखंब्याला अकबरच्या गॅरेजवर गेला. अकबर बंपरची कामं करणारा, हात हलका, तोंड त्याहून हलकं. त्यानं खाली वाकून भोकांत बोट घालून बघितलं.

"विनीतशेठ, हे बुजवायचं तर प्लॅस्टिक वितळवून भरावं लागेल आणि सगळा बंपर रंगवावा लागेल. तरी पांढऱ्यात पांढरा मिळणार नाही. तुमचा पांढरा आता पिवळा झालाय."

"म्हणजे दिसणार?"

"बघणाऱ्याला दिसणार."

विनीतनं बराच वेळ दाढी खाजवली. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं गाडीच्या डिकीतनं ती जुनी लाल पाटी काढली. "हीच परत लाव. पुढं फक्त 'माजी' घाल."

अकबर हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं पाटी पुसली, रंगाचा डबा उघडला आणि 'सरपंच'च्या आधी बारीक अक्षरांत 'माजी' बसवलं. मग दर्शनाकडं बघून विचारलं, "वहिनी, खाली नाव घालू काय? जागा आहे. सौ. दर्शना रामाणे."

दर्शना तोंड उघडणार तोच विनीत म्हणाला, "नाव कशाला? लोकांना माहीत आहे की."

अकबरनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि स्क्रू पिळायला घेतले. चारही भोकं झाकली गेली. विनीत दोन पावलं मागं जाऊन बघत राहिला. आपलं काहीतरी परत मिळाल्यासारखा तो दिसत होता. दर्शनाला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण माणूस आशेवर असला की डोळे उघडे ठेवून आंधळा होतो.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत पुढच्या सीटवर बसली. विनीतनंच म्हटलं होतं, "तू देवळाबाहेर थांब. बोलावलंच तर हाताशी हवीस." तिनं चांगलं लुगडं काढलं नाही, साधी कॉटनची साडी नेसली, पण केसांत अबोलीचा वळेसर मात्र माळला. गाडी देवळासमोरच्या कातळावर लावून विनीत आत गेला. कातळ तापला होता. तिनं चपला काढून सीटखाली सरकवल्या, पाय वर घेतले आणि वाट बघत बसली.

आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा विनीतचा आवाज आला, सभेतला, शुद्ध बोलण्याचा. मग गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" असा सगळ्यांचा गजर झाला. दर्शनानं गाडीतल्या गाडीत हात जोडले.

विनीत बाहेर आला तेव्हा त्याचं कपाळ गुलालानं माखलेलं होतं. तो तिच्याकडं न बघता गाडीत बसला.

"झालं," तो म्हणाला. "बिनविरोध."

"माझं नाव?"

"वातावरणच तसं नव्हतं गं. मानकरी म्हणाले, जागा खुली आहे, तर बाईमाणसाला कशाला उन्हातान्हात फिरवता. देवासमोर मी काय वाद घालत बसू? शेवटी पद घरातच राहिलं ना."

ती काही बोलायच्या आत हर्षद खिडकीशी आला. त्याच्याही कपाळाला गुलाल. "वैनी, अभिनंदन हां. पन तुमी नको म्हनायला नको होतात. मी नाव काढलं होतं तुमचं. तवा विनीतदा बोलले, ती आता दमली, तिला घरचं बघायचं हाय, तिनंच मला सांगितलान तुमी व्हा म्हनून. मग आमी गप बसलो."

हर्षद निघून गेला. ज्यानं थांब्यावर टिंगल केली त्यानं तिचं नाव काढलं होतं आणि ज्याच्यासाठी तिनं उसळ केली त्यानं ते पुसलं होतं.

"मी कधी सांगितलं दमले म्हणून?"

"अगं, बोलायची पद्धत असते." विनीतनं किल्ली फिरवली. "अकबरला फोन करायला हवा. 'माजी' तेवढं पुसून घेऊ. बरी सुचली पाटीची कल्पना."

गाडी उताराला लागली. दर्शना समोर बघत होती आणि तिच्या मनात एक गोष्ट घट्ट होत चालली होती. गावकी गेली खड्ड्यात. अर्ज भरायचे दिवस अजून बाकी आहेत. मी अर्ज भरणार. होऊ दे मतदान. नवरा समोर उभा असला तर असू दे. वरच्यावाडीच्या बायका आहेत. त्या मला ओळखतात, त्या विसरायच्या नाहीत. एवढ्यांचा आधार असल्यावर एका माणसाला काय भ्यायचं. इतकी वर्षं भ्याले तेवढं पुरे झालं. हे सगळं ती मनातल्या मनात इतक्या स्पष्टपणे म्हणाली की तिला हलकं वाटलं.

वरच्यावाडीचा फाटा आला तेव्हा रस्त्यालगत बायका उभ्याच होत्या. बातमी गाडीच्या आधी पोचली होती. पुढं चिमा होती, हातात हळदकुंकवाचं पंचपाळं. विनीतनं गाडी थांबवली. चिमानं आधी त्या लाल पाटीला कुंकू लावलं, मग विनीतच्या खिडकीशी आली.

"भाऊंचा झाला म्हने! आमी म्हनतच होतो, भाऊच होयेत. आमच्या दारात पानी भाऊंनी आनलंनी. दुसऱ्या कुनाला जमनारा नव्हता."

"पाणी कोणी आणलं, चिमा?" दर्शनानं विचारलं.

"भाऊंनी! लाल पाटीची गाडी येयाची नाय का? ती दिसली की आमी समजायचो, सरपंच आले, आता काम होनार."

"आणि मी?"

चिमा गोंधळली. कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं. मग तिला काहीतरी चांगलं सुचलं आणि ती मनापासून हसली. "तुमी होतात की त्यांच्यासंगती! तुमच्यासारखी बायको घरात, म्हनून तर भाऊंनी एवढं केलंनी."

बायकांनी माना डोलावल्या. खोटं कोणीच बोलत नव्हतं. त्यांनी जे बघितलं होतं तेच त्या सांगत होत्या. एसटीच्या मागच्या सीटवरची बाई त्यांनी कधी बघितलीच नव्हती. विनीत एक शब्द बोलू शकला असता. त्यानं घसा साफ केला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "तुमची सेवा हेच आमचं भाग्य."

बायका बाजूला झाल्या आणि गाडी जरा पुढं गेली तशी दर्शना म्हणाली, "थांबवा."

"काय झालं?"

"थांबवा म्हणते ना!"

ती उतरली. चपला सीटखाली राहिल्या होत्या, त्या घ्यायला ती परत वाकली नाही. दार धाडकन लावून ती रस्त्यानं चालू लागली. डांबर तापलेलं होतं आणि त्यावर खडी पसरलेली होती. तिला पायाला काय लागतंय ते कळत नव्हतं. तिला आत जाळ लागला होता. नवऱ्याचा राग येत होता, चिमाचा येत होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, त्या पहिल्या संध्याकाळी ओवाळताना गप्प राहिलेल्या बाईचा.

विनीत गाडी हळूहळू तिच्या मागनं आणत होता. "बस गं. लोक बघतायत."

"बघू देत!" ती मागं न बघता ओरडली. "सगळ्यांनी बघू दे!"

आणि लोकांनी बघितलं. दारादारातून, पडव्यांतून, दुकानाच्या फळीवरून. पुढं अनवाणी दर्शनावहिनी, केसांत अबोली, डोळ्यांत पाणी. मागं मिरवणुकीच्या चालीनं सरपंचाची गाडी, पाटीला कुंकू, आत गुलाल माखलेला नवरा. सुताराच्या म्हातारीनं ते बघून दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन नमस्कार केला. तिला बघून सुनेनं केला. घर येईपर्यंत गावानं अर्थ लावून टाकला होता. दर्शना रामाणेनं नवस बोलला होता, धनी सरपंच झाला तर उन्हात घरापर्यंत अनवाणी चालत येईन, आणि ती तो फेडत होती.

संध्याकाळी ओटीवर माणसं मावेनात. कोणीतरी नवसाची गोष्ट काढली आणि विनीत क्षणभर चाचरला. मग त्याचा आवाज आत माजघरापर्यंत स्वच्छ ऐकू आला. "मला तरी कुठं सांगितलं होतं तिनं! मी म्हणत होतो, बस गाडीत, बस गाडीत. ऐकायला तयार नाही."

माजघरात यमुनाबाई सुनेचे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तळव्यांना फोड आले होते. त्या बोटानं खोबरेल आणि हळद लावत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेच्या अंगाला मायेनं हात लावल्याचं दर्शनाला आठवत नव्हतं.

"नवस बोललीस तो घरात सांगायचास तरी," त्या म्हणाल्या. "मी पन आले असते तुझ्यासंगती."

"नवस नव्हता, आई."

यमुनाबाईंनी चटकन तिच्या तोंडावर हळदीचा हात ठेवला. "असं बोलू नये गो. फेडलेला नवस नव्हता म्हटला की फळ जातं."

दर्शनानं पाय ओढून घेतला. सासूनं तो पुन्हा पुढं घेतला आणि टाचेला हळद लावायला घेतली.